तळ्याचं दुखणं वरच्या मळ्यात

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि परिसर

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या देवळाखालचं तळं गेली काही वर्षं दिवाळी सरली की हिरवं होतं. मार्चपासून वास येतो. यंदा एप्रिलात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले. तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी पाणथळ मळा होता, बारमाही ओला, लव्हाळ्याने भरलेला, कडेला केवड्याची बनं. मी शाळेत असताना त्यात मधोमध सरळ चर मारून पाणी काढून दिलं. मग काही भागात भातशेती झाली, काही भागात भराव. आता पंचायतीत काही जण म्हणतात, तळ्यातला गाळ काढा आणि भोवती दगडी पिचिंग करा. मी म्हणते, आधी मळा पुन्हा ओला करूया. त्यावर लोक विचारतात, वर चिखल करून खाली पाणी स्वच्छ कसं होणार? त्यांना काय सांगू, आणि कामाला सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, तालुका मालवण

उत्तर : ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. तळं ही खालची जागा. वरून येईल ते पोटात घेण्याखेरीज त्याच्या हाती काही नसतं, म्हणून तळ्याच्या पाण्याचा निकाल वरच्या वहाळात (ओढ्यात) आणि मळ्यात लागतो. गाळ काढायचाच आहे, पण नंतर. आधी काढलात तर थोड्याच पावसाळ्यांत तेवढाच पुन्हा येऊन बसेल आणि पंचायतीचा निधी तोवर संपलेला असेल.

आधी हिरवेपणाचं कारण समजून घेऊ, म्हणजे लोकांना उत्तर देणं सोपं जाईल. शेवाळाला ऊन लागतं, नत्र (नायट्रोजन) लागतं, स्फुरद (फॉस्फरस) लागतं. ऊन आपल्याकडे भरपूर. नत्र काही निळ्या-हिरव्या शेवाळांना थेट हवेतूनही घेता येतं. म्हणजे खरा अडसर उरतो तो स्फुरदाचा. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी 'लेक २२६' या छोट्या तलावाच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब (कार्बन) आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच भागात. स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवा झाला, पडद्यापलीकडचं पाणी स्वच्छ राहिलं. आकाशातून काढलेला त्याचा फोटो मी वनस्पतिशास्त्र शिकवताना वर्गात दाखवत असे आणि मुलं पुढचा पाठ विसरली तरी तो फोटो विसरत नसत. ग्रामसभेत दाखवायला मिळाला तर जरूर दाखवा.

तुमच्या तळ्यात स्फुरद कुठून येत असेल? डीएपी खताच्या पोत्यात, ऑक्साइडच्या रूपात मोजलं तर, ४६ टक्के स्फुरद असतं. त्यातलं सगळं भाताला लागत नाही. गोठ्याची धुवण, कपडे धुतलेलं पाणी, पावसात भूजल वर आल्यावर तुंबणाऱ्या संडासाच्या टाक्या, हे सगळं आहेच. पण कोकणात सगळ्यांत मोठी वाटेकरी असते ती माती. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. ते स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे स्फुरद पाण्यात विरघळून येतं त्याहून जास्त मातीच्या कणांना चिकटून येतं. जूनमध्ये वहाळ तांबडा वाहू लागला की समजावं, तळ्याची वर्षभराची शिदोरी निघाली. डोंगर उभा कापून बाग लावली, रस्त्यासाठी कड खणली आणि उघडी माती पावसावर सोडली, की ही शिदोरी वाढत जाते. उलट उदाहरण तुमच्याच तालुक्यात आहे. धामापूरचा तलाव १५३० सालचा. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान दिला. इतकी शतकं तो टिकला त्यात बांध घालणाऱ्यांचं कसब आहेच, पण भोवतालच्या डोंगरांवरच्या दाट झाडीचा वाटाही मोठा आहे. मंडळींना एकदा तिथे घेऊन जा आणि तलाव पाहून झाला की मागचं रान दाखवा.

आता तुमचा मळा काय करत होता ते बघू. वहाळातून धावत येणारं पाणी मळ्यात आलं की पसरायचं. पसरलं की मंदावायचं. मंदावलं की माती खाली बसायची, आधी वाळू, मग पोयटा, शेवटी चिकण. कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली बसायचा वेग चौथाईवर येतो, म्हणून सगळ्यांत बारीक चिकणमातीला सगळ्यांत जास्त उसंत लागते. आणि स्फुरद तिलाच जास्त चिकटलेलं असतं. लव्हाळ्याच्या काड्यांमधून वाट काढताना पाण्याला ती उसंत मिळायची. खालच्या काळ्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. म्हणजे नत्राचा एक भाग गावातून कायमचा बाहेर जायचा, आणि तोही एक रुपया खर्च न होता. तुम्ही सांगता तो चर मारला त्या दिवशी हे सगळं बंद पडलं. पाणी मळ्यात रेंगाळायचं ते चरातून सरळ तळ्यात पोचू लागलं. 'वर चिखल करून खाली स्वच्छ कसं' असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगा, की तो चिखल वर बसत होता म्हणूनच खाली येत नव्हता.

सुरुवात कुठून करायची, तर पहिल्या पावसात छत्री घेऊन वहाळाच्या कडेने वर चालत जाण्यापासून. सोबत काचेच्या सारख्या बाटल्या न्या. सड्याच्या (वरच्या कातळाच्या माळाच्या) कडेला एक भरा, वस्तीच्या वर एक, वस्तीच्या खाली एक, मळ्याच्या तोंडाशी एक आणि तळ्याच्या तोंडाशी एक. चिठ्ठ्या लावून रात्रभर ओळीने ठेवा आणि सकाळी कुठल्या बाटलीत किती माती बसली ते बघा. ज्या दोन बाटल्यांमध्ये फरक एकदम वाढलेला दिसेल त्या दोन जागांच्या मध्येच तुमचा मुख्य चोर आहे. हे काम शाळेतल्या मुलांकडून करून घ्या. त्यांनी मांडलेल्या बाटल्या देवळात ओळीने ठेवल्यात तर अर्धी ग्रामसभा तिथेच पार पडेल.

तळ्यासाठी एक साधन स्वतः बनवा. १८६५ साली अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पाण्याचा पारदर्शकपणा मोजायला पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडण्याची रीत घालून दिली. ती आजही जगभर वापरतात. आता साधारण २० सेंटिमीटर व्यासाची, चार पाव काळे-पांढरे रंगवलेली तबकडी असते. घरचं स्टीलचं ताट, ऑइल पेंट आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यावर काम भागतं. दर पंधरवड्याला, दुपारी बाराच्या सुमारास, त्याच जागी सोडायची आणि कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते वहीत लिहायचं. मळ्याचं काम सुरू होण्याआधीच ही वही सुरू करा. आधीची नोंद नसेल तर पाच वर्षांनी 'काहीच फरक पडला नाही' म्हणणाऱ्यापुढे तुमच्याकडे दाखवायला काही नसेल.

चराविषयी. तो सगळा बुजवायची गरज नाही. त्यात ठरावीक अंतरावर मातीचे ठेंगणे बांध घाला. खालच्या बांधाला अडलेलं पाणी वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकलं पाहिजे, एवढंच अंतराचं गणित. चिकणमाती थराथराने चोपून घ्यायची, दोन्ही बाजूंना जांभ्याचे तुकडे लावायचे, माथा मळ्याच्या पातळीपेक्षा जरासा वर ठेवायचा, म्हणजे पाणी चर सोडून दोन्ही अंगांना पसरेल. बांधावर वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात. खालच्या बाजूचा उतार खडबडीत आणि सपाटीचा ठेवा. ही गोष्ट ठेकेदाराला दोनदा सांगा, कारण चढणीचे मासे त्याच वाटेने वर मळ्यात अंडी घालायला जातात आणि उभी भिंत त्यांना ओलांडता येत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून बांध घालायची सवय आपल्याकडे रुजली आहे, ती इथे नको. उन्हाने त्या पिशव्यांचे धागे सुटतात आणि शेवटी तळ्यातच जातात. काँक्रीटचा बंधाराही नको. आपल्याला पाण्याचा साठा करायचा नाही, पाणी पसरवायचं आहे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खोली पुरे, मध्ये दोन-चार खोल कोंडी, म्हणजे उन्हाळ्यात माशांना आसरा राहील.

मळ्याच्या तोंडाशी मात्र एक गाळखड्डा हवाच, जिथपर्यंत ट्रॅक्टर पोचेल असा. जाड वाळू-माती तिथेच बसू द्यायची आणि दर मे महिन्यात उपसायची. हा खड्डा नसेल तर मळा स्वतःच भरून जाईल. शिवाय जुलैचा विचार करा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. जुलैतल्या पुराला कुठलाही छोटा मळा गाळू शकत नाही. त्या पाण्याला कडेने सांडवा द्या, नाहीतर बांध वाहून जातील आणि शेजारच्या भातात पाणी शिरून भांडणं लागतील. मळ्याची खरी कामगिरी जूनच्या पहिल्या पाण्यात आणि सप्टेंबरनंतर झऱ्यांचं बारीक पाणी वाहतं त्या महिन्यांत दिसते. पाणलोटाच्या एक ते पाच टक्के एवढी पाणथळ जागा असावी असा ढोबळ आडाखा धरतात. तुमच्याकडे त्याहून कमी उरली असेल तर वरच्या वहाळात असेच आणखी छोटे पाणथळ तुकडे शोधा, ते सहसा सापडतात.

काम सुरू करण्याआधी गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन आजूबाजूच्या घरांची जोती आणि संडासाच्या टाक्या मापून घ्या. मळा ओला झाला की जवळच्या विहिरींचं पाणी वाढतं, ही चांगली गोष्ट. पण टाकी पाण्यात बुडाली तर मैला थेट मळ्यात येईल. ती आधी वर घ्यायला हवी.

आता एक इशारा, आणि तो मी मनापासून देते. ज्या जमिनीत वर्षानुवर्षं खत पडलं आहे, ती एकदम पाण्याखाली घातली तर सुरुवातीला स्फुरद कमी होण्याऐवजी वाढू शकतं. हवा संपली की चिखलातलं लोह आपलं रूप बदलतं आणि धरून ठेवलेलं स्फुरद सोडून देतं. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या अपोप्का तलावाच्या काठची दलदल १९४०च्या दशकात बांध घालून सुकवली आणि तिथे भाजीपाल्याची शेती केली. तलाव हिरवा पडला. पुढे सरकारने ती शेतं विकत घेतली, पण १९९८-९९च्या हिवाळ्यात शेतात पाणी राहू दिलं तेव्हा मातीत उरलेल्या जुन्या कीटकनाशकांमुळे शेकडो पाणपक्षी मेले. पुढे ती जमीन पुन्हा ओली करण्याचं काम सावधपणे, टप्प्याटप्प्याने झालं. तुमच्या मळ्यातली भातशेती एवढी फवारलेली नसेल, तरी तिथे कोणतं खत आणि औषध पडत होतं ते कसणाऱ्यांना विचारा, कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या आणि पाणी भरायच्या आधी एक-दोन हंगाम खत न घालता भाताचं पीक काढून पेंढ्यासकट बाहेर न्या. पिकाबरोबर काही स्फुरद निघून जाईल.

रोपं विकत आणू नका. भराव उपसून खालची जुनी काळी माती उघडी केलीत की तिच्यात पडून राहिलेलं बी ओल लागताच उगवू लागतं. लव्हाळा सगळ्यांत आधी येतो. काही कमी पडलं तर शेजारच्या गावच्या मळ्यातून गड्डे आणा. पाणकणीस जपून लावा, ते बाकीच्यांना जागा ठेवत नाही. आणि झाडं कापायची ती डिसेंबर-जानेवारीत, हिरवी असताना. पुढे पानातलं अन्न मुळांत उतरतं किंवा पान कुजून पाण्यात जातं, मग कापून उपयोग नाही. कापलेलं माडांच्या आळ्यात घाला. सगळा मळा एकाच वेळी कापू नका, आलटून पालटून कापा. पाणकोंबड्यांना आणि कमळपक्ष्यांना लपायला काही तरी राहिलं पाहिजे. पावसात मळ्यात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर उतरूच नये. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती आपल्या जिल्ह्यात खरी आहे, प्रतिबंधक गोळीचं आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

कागदाचं काम मात्र चिखलाच्या कामापेक्षा जड जाईल. अशा मळ्याच्या सातबाऱ्यावर बहुतेक वेळा एका घराची पंधरा-वीस नावं असतात आणि निम्मी मुंबईला. गणपतीत सगळे घरी येतात. तेव्हा त्यांना हातातला कागद दाखवण्याआधी तळ्यावर घेऊन जा. लहानपणी ज्या पाण्यात ते पोहायला शिकले ते आज कसं दिसतं हे त्यांनी बघू दे, मग संमती मागा. कसणाऱ्या कुळाचं उत्पन्न बुडणार असेल तर पंचायतीने त्याला दरवर्षी मोबदला द्यावा, तोही ठरावात लिहून. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केलेल्या केंद्राच्या २०१७च्या नियमांवर विसंबून राहू नका, कारण भातशेती आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेली तळी त्यांतून वगळलेली आहेत. ग्रामसभेचा ठराव आणि जैवविविधता समितीच्या नोंदवहीत मळ्याची नोंद, ही दोन हत्यारं तुमच्या स्वतःच्या हातात आहेत.

राहिलं तळं. त्याच्या तळाशी इतक्या वर्षांचा काळा गाळ आहे आणि उन्हाळ्यात तो आतूनच स्फुरद सोडत राहतो. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने १९६८ पर्यंत आपलं सांडपाणी लेक वॉशिंग्टनमधून पूर्णपणे बाहेर वळवलं आणि तो खोल तलाव थोड्याच वर्षांत निवळला. उथळ तळ्यांना जास्त वेळ लागतो. म्हणून लोकांना पहिल्या वर्षी फक्त एवढंच वचन द्या, की जूनमध्ये तळ्यात येणारं पाणी आधीइतकं तांबडं नसेल. हिरवेपणा जायला वर्षं लागतील. मळा दोन-तीन पावसाळे नीट चालला की मग मे महिन्यात तळ्याचा काळा थर काढा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे, तिच्यात बसतं का ते बघा. खणणाऱ्याला खालची चिकण फोडू देऊ नका, फोडली तर तळं पाणी धरणार नाही. आणि पिचिंगला माझा स्पष्ट विरोध आहे. काठाचा उथळ, गवताळ पट्टा म्हणजे तळ्याचा स्वतःचा छोटा मळाच. तिथे दगड बसवले की बेडूक, मासळीची पिल्लं, कमळ सगळं जातं आणि पावसाचं पाणी दगडांवरून थेट आत येतं. उतरायला एका बाजूला पायऱ्या बांधा, तेवढं पुरे.

प्रश्न : आमच्या गावात मळा पुन्हा ओला करायचा विषय निघाला की डासांचं कारण पुढे येतं. डेंग्यू वाढेल म्हणतात. यात तथ्य आहे का?
– एक वाचक, तालुका संगमेश्वर

उत्तर : डेंग्यूचा डास मळ्यात वाढत नाही. तो वाढतो टायरात, करवंटीत, पडलेल्या सुपारीच्या विरीत, रबराच्या चिकाच्या वाटीत, म्हणजे घराच्या आणि बागेच्या आवारात साठलेल्या थोड्याशा पाण्यात. मलेरियाच्या डासाला पाणथळ जागा चालते. त्यावर उपाय असा, की मळ्यातलं पाणी हलतं राहावं आणि उथळ डबकी खोल कोंडींना जोडलेली असावीत, म्हणजे मासे सगळीकडे पोचतात. डोक्यावर चकाकता ठिपका असलेले बारके मासे आपल्या वहाळांत असतातच, ते अळ्या फस्त करतात. बाहेरून गप्पी मासे आणून सोडायची गरज नाही. सांडपाणी मात्र मळ्यात थेट सोडू नका, घाण पाण्यात वाढणारा डास त्यानेच माजतो.

प्रश्न : तळ्यावर हिरवा तवंग आला आहे. गौरी-गणपती विसर्जनाच्या आधी मोरचूद टाकून तो मारावा असं काहींचं मत आहे. जलपर्णी सोडली तर पाणी शुद्ध होतं असंही ऐकलं. काय करावं?
– एक वाचक, तालुका गुहागर

उत्तर : दोन्ही करू नका. मोरचुदाने, म्हणजे तांब्याच्या क्षाराने, शेवाळ मरतं, पण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे मरतात. त्यातलं स्फुरद पाण्यात परत येतं, नवं शेवाळ उगवतं आणि तांबं गाळात कायमचं राहतं. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. ती अन्न शोषते हे खरं, पण नियमाने उपसली नाही तर तळं झाकून टाकते आणि खाली कुजत राहते. उपसणारे हात गावात वर्षभर मिळणार आहेत का, हे आधी विचारा.

तवंग रंग ओतल्यासारखा दाट आणि उग्र वासाचा असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्यातल्या काही जातींचं विष पाणी उकळूनही जात नाही. गुरांना तिथे पाजू नका, मुलांना पोहू देऊ नका, आणि पाण्याचा नमुना तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत तपासायला पाठवा. यंदा विसर्जन तळ्याकाठी वेगळ्या टाकीत किंवा खणलेल्या कुंडात करा. मूर्ती शाडूची असावी. निर्माल्य पाण्यात जाऊ देऊ नका, ते खताच्या खड्ड्यात घाला. तवंग वाऱ्याने ज्या काठाला गोळा होतो तिथून सकाळी जुन्या साडीच्या झोळीने काढता येतो. काढताना हातात रबरी मोजे घाला आणि काढलेलं तळ्यापासून उताराच्या खालच्या बाजूला पुरा.